जर्मनी: हीटिंगचे ६१२ युरो वर मागितलेत, भरून टाकू का?

नवखा_श्टुटगार्ट
मंडळी, सल्ला हवाय. १ मे २०२४ ला या भाड्याच्या घरात आलो. ५८ चौरस मीटर, इमारतीला गॅसचं सेंट्रल हीटिंग. नेबेनकोस्टेन (भाड्यावरचे इतर खर्च, हीटिंगसकट) म्हणून दरमहा १५० युरो आगाऊ भरतोच. आता डिसेंबरात २०२४ ची आबरेखनुंग (वर्षाचा हिशेब) हातात पडली: अजून ६१२ युरो द्या, ३० दिवसांत. आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात! घरमालक आजोबा सज्जन आहेत, दिवाळीला आम्ही त्यांना चकल्या दिल्या होत्या, त्यामुळे वाद घालायचं जिवावर येतंय.

मीटरवाली
थांबा जरा. २०२४ चा हिशेब ३१ डिसेंबर २०२५ च्या आत तुम्हाला मिळायला हवा, तो मिळालाय, म्हणजे उशिराचा मुद्दा गेला. पण हरकत घ्यायला तुमच्याकडेही बिल मिळाल्यापासून १२ महिने आहेत.
आता कागद नीट बघा. हीटिंगचा ५० ते ७० टक्के खर्च प्रत्यक्ष वापरावर वाटतात, उरलेला बहुतेक ठिकाणी चौरस मीटरवर. तुम्ही मेमध्ये आलात, तर जानेवारी-फेब्रुवारीची थंडी आधीच्या भाडेकरूच्या खात्यावर गेली पाहिजे. किल्ली घेताना रेडिएटरवरच्या, वापर मोजणाऱ्या पांढऱ्या डबीचे आकडे प्रोटोकोलमध्ये (घर ताब्यात घेतानाच्या नोंदीत) लिहिले होते का? नसतील तर कोणत्या महिन्याला हीटिंगचा किती वाटा धरायचा याच्या ठरलेल्या तक्त्यावरून भाग पाडता येतात. त्यात वर्षाच्या हजार भागांपैकी एकट्या जानेवारीचे १७०, आणि जून-जुलै-ऑगस्ट तिन्ही मिळून ४०.

नवखा_श्टुटगार्ट
ताई, फोटो सापडला! हॉलच्या डबीवर १ मेला ९४३ होतं. बिलात माझी सुरुवात शून्यापासून धरली आहे.

मीटरवाली
मग झालंच की. ते ९४३ तुमचे नाहीत.

पीठ_फुगलं
कार्बन डायऑक्साइडच्या खर्चाची (गॅस जाळल्याबद्दलच्या सरकारी आकाराची) ओळ आहे का तेही बघ. २०२३ पासून गॅसवरचा हा खर्च मालक आणि भाडेकरूत वाटायचा असतो, इमारतीतून उष्णता जितकी गळते तितका मालकाचा वाटा जास्त, अगदी ९५ टक्क्यांपर्यंत. ही विभागणी दाखवलीच नसेल तर हीटिंगच्या रकमेतून ३ टक्के कापायचा हक्क आहे. बॉयलरची दुरुस्ती लावली असेल तर तीही काढायला सांग, नेहमीची देखभाल मात्र लावता येते.
आणि एक आगाऊ प्रश्न: रेडिएटरचा नॉब ५ वर ठेवतोस का? ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, ३ म्हणजे साधारण २० अंश. आम्ही पहिल्या हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगावं म्हणून रात्रभर ५ वर ठेवायचो. पीठ मस्त फुगलं, बिलही.

जुना_बर्लिनकर
मीटरफेराइनचं (भाडेकरूंच्या संघटनेचं) सदस्यत्व घे, ते कागद तपासून देतात. घरमालकाकडे मूळ पावत्या बघायला मागणं हाही हक्कच आहे, त्यात भांडण कसलं. तोवर भरायचेच झाले तर ‘उंटर फोरबेहाल्ट’ (हक्क राखून) लिहून भर, म्हणजे हरकत शाबूत राहते.

नवखा_श्टुटगार्ट
फोटो जोडून आजोबांना मेल टाकली. उत्तर आलं: हिशेब कंपनीकडून करून घेतो, मी स्वतः तपासलाच नव्हता, शनिवारी प्रोटोकोल घेऊन कॉफीला या. सोबत चकल्या न्यायच्या की नाही यावर घरात मतभेद आहेत.