कन्सोलची ‘शक्ती’ वाढते की ‘क्षमता’?

लेखणवही:
एका मराठी मासिकासाठी मी येऊ घातलेल्या व्हिडिओ गेम कन्सोलांविषयीच्या एका दीर्घ लेखाचा अनुवाद करत आहे. पुढचा कन्सोल किती ‘पॉवरफुल’ असेल याविषयी खेळणारी मंडळी यंत्र बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासूनच कसे तर्क लढवू लागतात, हा त्या लेखाचा विषय आहे. ‘पॉवर’साठी मी सर्वत्र ‘शक्ती’ हा शब्द योजला होता आणि निम्मा लेख होईपर्यंत तो कुठेही खटकला नाही. अडचण आली ती सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलच्या परिच्छेदात. त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी १८ मार्च २०२० च्या भाषणात त्या यंत्राची रचना समजावून सांगितली होती. यंत्राला मिळणारी ‘पॉवर’ जवळजवळ स्थिर ठेवायची, कामाच्या स्वरूपाप्रमाणे चिपची वारंवारता (दर सेकंदाची आवर्तने) कमी-जास्त होऊ द्यायची आणि अशा रीतीने गणनाची ‘पॉवर’ जास्तीत जास्त १०.२८ टेराफ्लॉप्सपर्यंत (एक टेराफ्लॉप्स म्हणजे दर सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया) न्यायची, असा तिचा आशय आहे. माझ्या अनुवादात ‘शक्ती स्थिर ठेवल्यामुळे शक्ती बदलती राहते’ असे वाक्य तयार झाले. लेख तपासणाऱ्या ज्येष्ठ स्नेह्यांनी समासात लिहिले, ‘शक्ती स्थिर आहे की बदलती, ते एकदा ठरवा.’

त्यांचे बरोबर आहे. पहिल्या ठिकाणी ते कन्सोल किती वीज घेते हा प्रश्न आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते दर सेकंदाला किती गणिते सोडवते हा. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द चालतो. मराठीत कोणते दोन शब्द घ्यावेत? शिवाय या तर्कांना मी ‘अटकळ’ म्हटले होते, ते त्यांनी खोडून ‘अफवा’ केले आहे. मला ते मान्य नाही, पण माझ्या बाजूने नेमके कारण देता येत नाही.

प्रयोगवही:
मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी माझे मत पक्के आहे. आपल्या शालेय परिभाषेत बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती या चार शब्दांच्या सीमा आखलेल्या आहेत. कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती, आणि तिचे एकक वॉट. ‘अश्वशक्ती’ हा शब्द त्याच घरातला आहे. तेव्हा ‘शक्ती’ विजेकडे राहू द्यावी आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘गणनक्षमता’ वापरावी. ‘शक्ती स्थिर ठेवली जाते, वारंवारता बदलते आणि गणनक्षमता १०.२८ टेराफ्लॉप्सपर्यंत जाते’ या वाक्यात मला कोणताही दोष दिसत नाही.

तिफण:
सरांचे वाक्य निर्दोष आहे, पण ‘क्षमता’ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर टाकी उभी राहते. पाचशे लिटर क्षमतेची टाकी, पन्नास आसनक्षमतेची बस, धरणाची साठवणक्षमता. हा शब्द ‘किती मावते’ हे सांगतो आणि इथे तर ‘किती वेगाने होते’ हे सांगायचे आहे.

मी सांगली जिल्ह्यात शेती करतो. आमच्याकडे जमिनीविषयी बोलताना ‘मगदूर’ हा शब्द रोज वापरात असतो. ‘जमिनीचा मगदूर पाहून खताची मात्रा द्यावी’ हे वाक्य शेतीविषयक पत्रकांतून आणि कार्यक्रमांतून लहानपणापासून कानांवर पडत आले आहे. मुरमाड जमीन हलक्या मगदुराची, काळी कसदार जमीन भारी मगदुराची. पाणी तेवढेच, बियाणे तेच, तरी दोन रानांत उतारा वेगळा पडतो, आणि तो का वेगळा पडतो याचे उत्तर या एका शब्दात असते. माझा मुलगा गेम खेळतो आणि त्याच्या मित्रांशी याच विषयावर वाद घालतो. त्यांचे बोलणे ऐकताना मला वाटले की ही मुले यंत्राचा मगदूरच विचारत आहेत.

रानजाई:
‘मगदूर’ शेतात शोभत असला तरी तो मूळचा अरबी शब्द आहे. परिभाषा घडवताना आपण पुन्हा त्याच दिशेला का जावे? शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला तो याच जाणिवेतून, आणि सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द दिले तेव्हा तेही प्रथम लोकांना परकेच वाटले होते. ‘सामर्थ्य’ हा शब्द आपल्याकडे आहे, मुलालाही कळतो आणि भौतिकशास्त्रात कुठेही अडकलेला नाही. ‘नव्या कन्सोलचे सामर्थ्य’ यात कमी काय आहे?

तिफण:
ताई, कमी काहीच नाही, पण ‘सामर्थ्य’ सैन्याचे असते, संतांचे असते. यंत्रापुढे तो शब्द फार मोठा होतो. आणि मूळ अरबी-फारसी म्हणून शब्द वगळायचा ठरवले, तर ज्या ‘जमिनीचा’ मगदूर मी पाहतो, तो ‘जमीन’ शब्दही फारसीच आहे. ‘दुकान’, ‘वकील’, ‘कागद’ यांच्या जागी संस्कृत शब्द सुचवले गेले असतीलही, पण ते राहिले नाहीत आणि हे राहिले. राज्यव्यवहारकोशाविषयी मला आदर आहे. त्यातले किती शब्द व्यवहारात टिकले, हाही त्या कोशाच्या इतिहासाचाच भाग आहे.

चौथाकप्पा:
मी पुण्यात गेमसाठी प्रोग्रामिंग करतो. आमच्या क्षेत्रातले मराठी लोक सरसकट ‘पॉवर’ म्हणतात. तरीही प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण शब्द धूसर असला की त्याच्या आधाराने होणारी तुलनाही धूसर होते.

टेराफ्लॉप्सचा आकडा येतो कुठून, ते सांगतो. प्लेस्टेशन ५ च्या चित्रचिपमध्ये ३६ गणनघटक आहेत. प्रत्येकात एकाच वेळी गणिते करणाऱ्या ६४ मार्गिका, प्रत्येक मार्गिका एका आवर्तनात एक गुणाकार आणि एक बेरीज अशा २ क्रिया करते, आणि वारंवारता जास्तीत जास्त २.२३ गिगाहर्ट्झ. हा सगळा गुणाकार केला की १०.२८ टेराफ्लॉप्स येतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलमध्ये ५२ घटक आणि १.८२५ गिगाहर्ट्झ वारंवारता, म्हणून १२.१५. याचा अर्थ हा आकडा मोजलेला नसून गुणाकाराने काढलेला कमाल आकडा आहे. प्रत्यक्ष खेळात सगळ्या मार्गिका सतत कामात कधीच नसतात.

म्हणूनच तिफण यांचे उतारा वेगळा पडण्याचे उदाहरण मला फार पटले. २०१७ चा एक्सबॉक्स वन एक्स ६ टेराफ्लॉप्सचा होता आणि २०२० चा सिरीज एस ४ टेराफ्लॉप्सचा आहे. नुसत्या आकड्यावर गेलो तर नवे यंत्र मागे पडल्यासारखे दिसते. पण सिरीज एसची चिप तेवढ्याच क्रियांतून अधिक काम काढते, प्रकाशकिरणांचा माग काढणारी यंत्रणा तिच्यात आहे, मुख्य प्रक्रियकही कितीतरी वेगवान आहे, आणि जुन्या यंत्रात यांतले काहीच नव्हते. ‘गणनक्षमता’ म्हटले तर ते फक्त टेराफ्लॉप्सचे नाव होईल. खेळणाऱ्यांना विचारायचे असते ते त्याहून मोठे काहीतरी असते, आणि मला वाटते की सर आणि तिफण दोन वेगळ्या गोष्टींना नावे देत आहेत.

दूरवस्ती:
मी गेली काही वर्षे जपानमध्ये राहते. ही यंत्रे घडवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या इथल्याच, म्हणून इथली पद्धत सांगते. वीज किती लागते यासाठी जपानीत ‘देन्र्योकू’ हा शब्द आहे, त्यात वीज आणि बल यांची चिन्हे आहेत. यंत्र किती कामाचे आहे यासाठी ‘सेइनो’ म्हणतात, त्यातले पहिले चिन्ह स्वभावाचे किंवा जातिधर्माचे आणि दुसरे कुवतीचे. त्यामुळे लेखणवही यांचे वाक्य जपानीत अडखळणारच नाही. स्वभाव आणि कुवत एकत्र सांगणारा शब्द मराठीत कोणता, असा विचार करताना मलाही ‘मगदूर’च आठवला, कारण जमिनीचा मगदूर म्हणजे तिची जातही आणि तिची देण्याची ताकदही.

प्रयोगवही:
‘क्षमता’ म्हणजे केवळ साठा, या आक्षेपाला उत्तर द्यायचे राहिले. कोयनेचेच उदाहरण घेऊ. तिथल्या धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे, आणि त्याच प्रकल्पाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट. पहिला आकडा साठ्याचा आहे, दुसरा दराचा, आणि दोन्हींना वृत्तपत्रे गेली कित्येक वर्षे ‘क्षमता’च म्हणत आली आहेत, वाचकाचा कधी घोटाळा झाल्याचे मला आठवत नाही. टेराफ्लॉप्स हाही दरच आहे, कारण त्यातला शेवटचा ‘स’ सेकंदाचा आहे. म्हणून ‘एक टेराफ्लॉप’ असे एकवचन करून लिहू नये, ‘एक टेराफ्लॉप्स’ असेच लिहावे, अशी माझी विनंती आहे.

रानजाई:
‘टेराफ्लॉप्स’ हाच शब्द का ठेवायचा, असा प्रश्न मला पडला आहे. टेरा म्हणजे एकावर बारा शून्ये. आपल्याकडे त्या स्थानाला नाव आहे. लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेल्या क्रमात अब्ज, खर्व, निखर्व आणि त्यानंतर महापद्म येते. अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये, म्हणून महापद्म म्हणजे नेमकी बारा. त्यापुढचे स्थान शंकू. म्हणजे प्लेस्टेशन ५ दर सेकंदाला एका शंकूहून थोड्या अधिक क्रिया करतो, असे शुद्ध मराठीत म्हणता येते. माझ्या आजीला परार्धापर्यंतची ही सगळी स्थाने तोंडपाठ होती आणि ती आम्हाला झोपताना म्हणून दाखवत असे. ही नावे वापरायला एवढी योग्य जागा पुन्हा कुठे मिळणार?

चौथाकप्पा:
नावे फार सुंदर आहेत आणि हिशेबही अचूक आहे. तरी वाचकाला आज ‘दहा लाख कोटी क्रिया’ हे अधिक लवकर कळेल, कारण अर्थसंकल्पाच्या बातम्यांनी ‘लाख कोटी’ घराघरांत पोहोचवले आहे. पण आणखी एक शब्द मला याच निमित्ताने विचारायचा आहे. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ प्रो आला, त्याआधी अनेक महिने ३३.५ टेराफ्लॉप्स हा आकडा फिरत होता. प्रत्यक्षात तो १६.७ निघाला. आकडा खोटा नव्हता, तर नव्या घडणीच्या चिपमध्ये एका आवर्तनातल्या क्रिया दुप्पट धरून मोजण्याची रीत त्यामागे होती. सर्नी यांनी नंतर या प्रकारासाठी चलनवाढीच्या इंग्रजी शब्दावरून (‘इन्फ्लेशन’) ‘फ्लॉपफ्लेशन’ असा एक नवा शब्द घडवला. मराठीत ‘चलनफुगवटा’ हा जुना शब्द आहे, त्यावरून ‘फ्लॉपफुगवटा’ सहज होतो. ‘चलनवाढ’वरून ‘फ्लॉपवाढ’ केले तर अर्थ बिघडतो, कारण इथे वाढ झालेलीच नाही, फक्त आकडा फुगला आहे.

प्रयोगवही:
‘फुगवटा’ उत्तम. हा मी लगेच स्वीकारतो.

तिफण:
अटकळ आणि अफवा हा मूळचा दुसरा प्रश्न मागे पडला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ‘अटकळ’ म्हणजे अडलेल्या ठिकाणी जे कळते ते, अट अधिक कळणे. त्यामुळे तिच्यात बुद्धीचा अंश असतो. अफवेत तो नसतो.

दूरवस्ती:
व्युत्पत्ती गोड आहे, पण हिंदीतही ‘अटकल’ हा शब्द याच अर्थाने आहे आणि हिंदीत ‘कळणे’ हे क्रियापद नाही. त्यामुळे फोड वेगळी असावी. तुम्ही दाखवलेला भेद मात्र खरा आहे. तीन पायऱ्या कराव्यात असे मला वाटते. हिशेब मांडून काढलेला तो ‘आडाखा’, जसा चौथाकप्पा यांनी वर घटक आणि वारंवारता यांवरून मांडला. थोड्या खुणांवरून मनाने जुळवलेली ती ‘अटकळ’. आणि कुणी सांगितले याचा पत्ता नसताना उडते ती ‘वावडी’. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्नी आणि चिप घडवणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक ह्यून यांनी पुढच्या काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलसाठीच्या तंत्रांविषयी उघडपणे माहिती दिली. ती तंत्रे तेव्हा केवळ संगणकीय प्रतिरूपात होती, हेही सांगितले. त्यावरून कुणी यंत्राच्या स्वरूपाविषयी बोलला तर ती अटकळ होईल. पण त्यातून कुणी टेराफ्लॉप्सचा नेमका आकडा काढून दाखवला, तर मी त्याला वावडीच म्हणेन. सगळ्यांना एकजात ‘अफवा’ म्हणणे हा प्रामाणिकपणे हिशेब मांडणाऱ्यांवर अन्याय आहे.

उंबरठा:
मी हा विषय फक्त वाचत होतो, पण एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. नव्वदच्या दशकात मिरजेत आमच्या गल्लीत एकाच्या घरी तासावर पैसे घेऊन टीव्ही गेम खेळू देत. तेव्हा टेराफ्लॉप्स कुणाला ठाऊक होते? आमचे माप ‘बिट’ होते. आठ बिटवाला, सोळा बिटवाला. १९९६ साली तर निन्टेंडोने चौसष्ट हा आकडा थेट यंत्राच्या नावातच घातला. बिट म्हणजे काय हे आम्हाला अजिबात कळत नव्हते, तरी मोठा आकडा म्हणजे भारी यंत्र याविषयी शंका नव्हती. आणि एखादा खेळ अडखळू लागला की आम्ही म्हणत असू, ‘याच्यात दम नाही.’ इंजिनाला दम असतो, बैलाला दम असतो, तसा यंत्रालाही असावा. ‘दम’ हा शब्द कुणीच का सुचवला नाही?

रानजाई:
कारण तोही फारसी आहे. पण खरे सांगायचे तर तुमच्या वाक्यात तो बदलावा असे मलाही वाटत नाही. माझा आग्रह लेखापुरता आहे, गल्लीतल्या बोलण्यापुरता नाही.

तिफण:
लेख आणि गल्ली यांच्यात एवढे अंतर ठेवले तर लेख वाचणार कोण?

लेखणवही:
सर्वांचे मनापासून आभार. परिच्छेद उद्या द्यायचा आहे. सध्या मी विजेसाठी ‘शक्ती’ऐवजी सरळ ‘वीजपुरवठा’ लिहिले आहे, टेराफ्लॉप्ससाठी ‘गणनक्षमता’, आणि संपूर्ण यंत्राविषयी जिथे बोलायचे आहे तिथे ‘मगदूर’ एकदाच, पहिल्या पानावर, शेतीतल्या अर्थाच्या एका ओळीसह. ‘अटकळ’ परत घेतली आहे. ‘मगदूर’ टिकेल की नाही हे संपादकांवर आहे.

प्रयोगवही:
सरळ ‘वीजपुरवठा’ लिहिल्यामुळे ‘शक्ती’ दोन्हीकडून गेली, याचे मला वाईट वाटते. पण ते असो. आपला पहिला मजकूर पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्यात आपण आधी ‘पुढचा कन्सोल’ लिहिले आहे आणि खाली ‘ते कन्सोल किती वीज घेते’. लेखात कोणते लिंग ठेवले आहे?

चौथाकप्पा:
आमच्या कार्यालयात ‘तो कन्सोल’.

उंबरठा:
मिरजेत ‘ते’. आम्ही त्याला मशीनच म्हणत होतो, म्हणून असेल.