सलाईन, ड्रिप, बाटली की द्रावण? मोठ्या ऑपरेशनच्या पत्रकात काय लिहावं?

फोंड्याहून, भाषांतराचं काम करणारी:
एका रुग्णालयासाठी नातेवाइकांना द्यायचं मराठी माहितीपत्रक करते आहे. विषय पोटाच्या सहा-आठ तास चालणाऱ्या शस्त्रक्रियांचा. त्यात भूल दिल्यावर शिरेतून काय काय दिलं जातं, यावर एक परिच्छेद आहे. जुन्या मसुद्यात 'अंतःशिरा द्रव' होतं. ते हिंदीतून आलेलं दिसतं, म्हणून मी सरळ 'सलाईन' केलं. तर तिथले डॉक्टर म्हणाले, "सलाईन लिहू नका, आम्ही बहुतेक सलाईन देणारच नाही." मग देणार तरी काय? आमच्याकडे शिरेतून थेंब थेंब जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला सलाईनच म्हणतात. शब्द सुचवा, आणि डॉक्टरांना काय म्हणायचं होतं तेही कुणीतरी सांगा.

डिचोलीहून, निवृत्त शिक्षक:
'अंतःशिरा' काढलंत ते बरं केलंत. 'शिरेवाटे' किंवा 'शिरेतून' पुरे आहे. कोशात 'नीला' सापडेल, पण वाचणाऱ्याला ते बाईचं नाव वाटेल.

सलाईनबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा. शब्द इतका मुरला आहे की त्याला दोन-दोन लिंगं आहेत: 'सलाईन लावलं' आणि 'सलाईन लावली'. दुसऱ्यात मनात बाटली असते. लावतात, चढवतात, सोडतात, 'सलाईनवर ठेवतात'. वर्तमानपत्रात तर 'आरोग्य केंद्रच सलाईनवर' असा मथळा ठरलेला असतो, म्हणजे कशीबशी धुगधुगी उरलेली. कोकणीतही 'सलायन लायलां' म्हणतात. इतक्या रुळलेल्या शब्दाला डॉक्टरांनी हरकत का घ्यावी?

पणजीहून, भूलतज्ज्ञ:
हरकत घेणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून सांगतो. सरांचं बोलीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण आमच्यासाठी सलाईन म्हणजे एकच पदार्थ: ०.९ टक्के मीठपाणी. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. त्यात लिटरमागे सोडियम १५४ मिलिमोल आणि क्लोराइडही १५४. आपल्या रक्तात सोडियम १४० च्या आसपास असतं, पण क्लोराइड शंभराच्या. तासाभराच्या ऑपरेशनला हा फरक जाणवत नाही. आठ तासांत चार-पाच लिटर गेलं तर क्लोराइड साचतं आणि रक्त आम्लतेकडे झुकतं. मग रिपोर्टमध्ये आम्लता दिसली की प्रश्न पडतो, रक्तपुरवठा कमी पडतोय की आपणच ओतलेल्या मिठाचा हा परिणाम? अशा वेळी चुकीच्या दिशेने धावायला होतं.

म्हणून लांबच्या ऑपरेशनला आम्ही सहसा आरएल लावतो, म्हणजे रिंगर लॅक्टेट. सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरने १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करताना पाहिलं की नुसत्या मीठपाण्यात हृदय थकतं आणि थोडं कॅल्शियम असलं की चालू राहतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने त्यात लॅक्टेट घातलं. यकृत त्या लॅक्टेटचं बायकार्बोनेट करतं, त्यामुळे आम्लता वाढत नाही. आरएलमध्ये क्लोराइड ११० च्या आत-बाहेर. प्लाझ्मालाईट आणखी जवळचं, ९८, आणि त्यात लॅक्टेटऐवजी ॲसिटेट आणि ग्लुकोनेट, पण महाग.

आता डॉक्टर 'सलाईन देणार नाही' का म्हणाले ते कळलं असेल. ते पेशंटला कोरडं ठेवणार नव्हते, फक्त मीठपाणी टाळणार होते.

म्हापशाहून, स्टाफ नर्स:
डॉक्टर, थिएटरमध्ये आम्ही बोलतो ते असं: "एक आरएल जाऊ दे", "एनएस लाव, रक्त यायचंय", "फुल सोड", "स्लो कर". एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन, तुमचं मीठपाणी. नुसता सलाईन हा शब्द फक्त नातेवाइकांशी बोलताना निघतो. आणि खरी अडचण उलट बाजूने येते. बाहेरून आलेल्या पेशंटचे लोक सांगतात, "तिकडे दोन सलाईन लावली." ग्लुकोजची की आरएलची, त्यांना ठाऊक नसतं. चिठ्ठीवरही कधीकधी नुसतं 'आयव्ही दिलं' एवढंच. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात तर पेडण्यापासून सावंतवाडी-दोडामार्गपर्यंतचे पेशंट येतात. रात्री कुणाला फोन करून विचारायचं?

पणजीहून, भूलतज्ज्ञ:
अगदी. आणि ग्लुकोजवाली वेगळी सांगायलाच हवी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीला लोक 'ताकदीची बाटली' समजतात. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. मोठ्या ऑपरेशनमध्ये शरीर तसंही पाणी धरून ठेवत असतं. त्यात हे पाणी भरलं की सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. शिवाय ऑपरेशनच्या ताणाने साखर आपोआप चढते. त्यामुळे तान्ही बाळं किंवा इन्सुलिनवरचे काही पेशंट सोडले तर थिएटरमध्ये ती फारशी लागत नाही. 'आठ तास उपाशी आहे, एक ग्लुकोज तरी लावा' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे समजावताना घाम फुटतो. खरं तर ज्यांचं पोट वेळेवर रिकामं होतं, त्यांना आधी दोन तासांपर्यंत साधं पाणी प्यायला चालतं, तेच पाळलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

आरएलही सगळीकडे चालत नाही. मेंदूच्या ऑपरेशनला ते किंचित पातळ पडतं, तिथे मीठपाणीच बरं. रक्ताच्या पिशवीबरोबर एकाच नळीतून आरएल नको. त्यातल्या कॅल्शियममुळे रक्त गोठू शकतं. सिस्टर 'एनएस लाव, रक्त यायचंय' म्हणतात ते यासाठी. पण आरएलमध्ये पोटॅशियम आहे म्हणून किडनीच्या पेशंटला मीठपाणीच द्यायचं, ही जुनी भीती डळमळली आहे. किडनी प्रत्यारोपणाच्या पेशंटांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात पोटॅशियम जास्त चढलं ते मीठपाण्याच्या गटात, आरएलच्या नव्हे.

मडगावहून:
'नॉर्मल सलाईन' हे काय प्रकरण? इतर सलाईन ॲबनॉर्मल?

डिचोलीहून, निवृत्त शिक्षक:
रसायन शिकवलंय, म्हणून हे मी घेतो. रसायनशास्त्रातलं एक नॉर्मल मिठाचं द्रावण म्हणजे लिटरला सुमारे साडेअठ्ठावन्न ग्रॅम. इथे तर नऊच! म्हणजे त्या अर्थाने नॉर्मल नाही, आणि डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे रक्तासारखंही नाही. बारसं चुकलंय, पण आता कोण बदलणार?

मडगावहून:
बरं, एक गंमत. माझी भाची लिस्बनला असते. तिच्या सासऱ्यांना दाखल केलं तेव्हा फोनवर म्हणाली, "त्यांना सोरो लावलाय." घरात एकदम शांतता! पोर्तुगीजमध्ये सोरो म्हणजे हेच सलाईन. आपल्याकडे कोकणीत सोरो म्हणजे दारू.

आणि लॅक्टेटचं काय? आईला दूध पचत नाही.

पणजीहून, भूलतज्ज्ञ:
दुधातली साखर ती लॅक्टोज. लॅक्टेट वेगळं, धावल्यावर स्नायूंत जे तयार होतं ते. खुशाल चालेल. तरी दूध पचत नाही हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

फोंड्याहून:
खूपच मिळालं. पत्रकात 'किती' हाही मुद्दा आहे. मूळ मजकुरात भरपूर देणे आणि हात राखून देणे असे दोन पक्ष आहेत.

पणजीहून, भूलतज्ज्ञ:
साठ किलोच्या माणसाला नुसतं रोजचं चालू राहायला तासाला साधारण १०० मिली लागतं. त्यावर रक्तस्राव, लघवी, उघड्या पोटातून उडणारं पाणी. पूर्वी या हिशेबात 'तिसऱ्या जागेत' (रक्तवाहिन्यांबाहेर, ऊतींत) जिरणारं म्हणून तासाला किलोमागे सहा-आठ मिली वर घालायचे. पेशंट दुसऱ्या दिवशी फुगलेला, आतडी सुजलेली. मग लंबक उलटा गेला, 'ड्राय ठेवा'. २०१८ मध्ये तीन हजार पेशंटांवरचा मोठा अभ्यास आला. पहिल्या चोवीस तासांत एका गटाला साधारण ३.७ लिटर, दुसऱ्याला ६.१. कोरड्या गटात किडनीला इजा ८.६ टक्के, दुसऱ्यात ५. त्यामुळे आता ना भरायचं, ना सुकवायचं. रक्तदाबाची लाट, लघवी आणि रक्तातलं लॅक्टेट बघत थोडं थोडं द्यायचं. पत्रकात आकडा देऊ नका, तो माणसागणिक बदलतो.

फोंड्याहून:
मग असं चालेल? "ऑपरेशन चालू असताना शिरेतून क्षारांचं द्रावण दिलं जातं (ज्याला आपण एरवी सलाईन म्हणतो). द्रावणं वेगवेगळी असतात. कोणतं आणि किती द्यायचं, हे भूलतज्ज्ञ त्या त्या वेळी ठरवतात. आधी दुसरीकडे बाटली लावली असेल, तर तिच्यावरचं नाव लिहून आणा किंवा फोटो काढा."

म्हापशाहून, स्टाफ नर्स:
ताई, फोटोचं वाक्य सगळ्यात वर घ्या. आणि 'किंवा' काढा, नुसतं फोटोच लिहा. लिहून आणलेलं आम्हाला वाचता येत नाही.

डिचोलीहून, निवृत्त शिक्षक:
'द्रव' न करता 'द्रावण' केलंत, छान. फक्त सलाईन की सलाइन ते एकदा ठरवा. वरच्या मसुद्यात दीर्घ आहे, ते तसंच राहू दे असं माझं मत.