मदत हवी आहे: जुनी चांदी विकण्याआधी पॉलिश करावी का?

नक्षीचं एक तबक आणि झाकणाची डबी विकायची आहे. दोन्ही चांगलीच काळवंडली आहेत. हा हवेतल्या गंधकाने चढलेला सिल्व्हर सल्फाइडचा थर, एवढं ठाऊक आहे. पण नक्षीच्या खोबणीतल्या काळ्या छटेनेच तर उठाव येतो. डिपमध्ये (चांदी उजळवायच्या रासायनिक द्रावणात) बुडवलं की तीही जाणार. शिवाय तळाचा 925 चा (म्हणजे 92.5% चांदी असल्याचा) शिक्का आधीच पुसट आहे, घासून गेला तर पुरावाच संपला! डबीच्या कडेला पिवळसर धातू डोकावतोय, म्हणजे बहुधा नुसता मुलामा. तिला हात लावणार नाही. तबक मात्र मऊ कापडाने हलकं पुसू, की आहे तसंच दाखवू? जुन्या वस्तू विकलेल्यांनी कृपया सांगा. वजनावर वितळवायला द्यायचं नाहीये.