कायमची कोलोस्टॉमी: वन-पीस पिशवी घ्यावी की टू-पीस?

मुक्ता_क: बाबांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढलंय, पोटावर डावीकडे कायमचा स्टोमा आहे, म्हणजे मल बाहेर यायला मोठ्या आतड्याचं तोंड तिथे काढलंय (यालाच कोलोस्टॉमी म्हणतात). हॉस्पिटलने दिलेल्या पिशव्या संपत आल्या. खर्च दर महिन्याचा आहे, तेव्हा कृपया महागडं सुचवू नका. बाबांच्या बोटांना संधिवात आहे, आणि पिशवी मीच बदलणार असा त्यांचा हट्ट आहे. शिवाय त्यांना अजून संडासला लागल्यासारखं वाटतं. असं कसं?

निळीशाई: डोळे मिटून टू-पीस. वन-पीसमध्ये त्वचेला चिकटणारी चकती आणि पिशवी एकत्रच असतात, टू-पीसमध्ये पिशवी वेगळी, चकतीवर रिंग दाबून बसवायची. चकती तीन-चार दिवस टिकते, पिशवी तेवढी बदलायची. मी फिल्टरवाली, वरच्या दर्जाचीच घेते. तीच लावून पोहतेसुद्धा. पैशाकडे बघू नका हो.

वाटसरू: टू-पीसच. पण रिंग सगळीकडून दाबून बसली का ते बोट फिरवून बघा. माझी एका बाजूने सुटली होती, तीही भर मीटिंगमध्ये. तेव्हापासून कमरेला पट्टा लावतो.

समिधा: निळीशाईंना अनुमोदन. टू-पीस. आणि भरपूर पाणी, मीठ-साखरेचं पाणी द्या. माझ्या इलिओस्टॉमीत इतकं पाणी जायचं की सलाईन लावावं लागलं.

वाटसरू: समिधाताई, ते लहान आतड्याचं. यांची कोलोस्टॉमी आहे, मल बऱ्यापैकी घट्ट असणार. उगाच घाबरवू नका.

समिधा: घाबरवत नाहीये. जुलाब झाले तर कोलोस्टॉमीवाल्यालाही पाणी लागतंच.

शरीरशास्त्रवाली: मुक्ता, दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. गुदाशय साधारण १२ ते १५ सेंमी लांब असतो आणि बराच वेळ रिकामाच असतो. मल उतरला की भिंत ताणते, मेंदूला खबर जाते. गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो, बाहेरचा आपण आवळून धरतो. आलाय तो वायू की मल, हेही गुदमार्गाच्या अस्तराला कळतं. स्टोमाला असा आवळता येणारा स्नायूच नाही, म्हणून ताबा नाही. गुदाशय गेला तरी त्याची जाणीव मेंदूत उरते. पाय कापलेल्या माणसाला तो पाय जाणवतो, तसंच. बाबांना खोटं वाटतंय असं म्हणू नका, त्यांना ते खरंच जाणवतं. कुंथू मात्र देऊ नका. गुदद्वाराच्या जागी दुखणं वाढलं, रक्त किंवा पू आला तर लगेच सर्जनकडे.

जुनाखेळाडू: पिशवी कुठलीही घ्या, माप आधी घ्या! स्टोमा पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो. चकतीचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं हवं. जास्त मोठं कापलं की उघड्या त्वचेला मल लागतो आणि ती सोलवटते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्या हॉस्पिटलवर अजून राग आहे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. वजनाने चकती ओढली जाते.

निळीशाई: आणि भोवती पेस्ट लावा.

जुनाखेळाडू: सपाट पोटाला पेस्ट कशाला? खाचखळगे असतील तरच. साध्या पाण्याने धुवायचं, नीट टिपून कोरडं करायचं. तेलकट साबणावर चकती चिकटत नाही.

निळीशाई: माझी चिकटते.

वाटसरू: स्टोमा लालसर, ओलसर हवा. पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरू नका. जांभळा-काळा पडला तर त्याच दिवशी डॉक्टर. जड उचलणं बंद, हर्निया होतो.

मुक्ता_क: सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही बहुतेक सगळे टू-पीस म्हणालात, पण आम्ही वन-पीस घेतली, खालून रिकामी करता येणारी. टू-पीसची रिंग दाबताना बाबांचा अंगठा थरथरत होता, शेवटी त्यांनी ती बाजूला ठेवली. वन-पीस त्यांनी आरशासमोर उभं राहून, खालून वर तळहाताने दाबत एकट्याने लावली. कात्री त्यांना जमत नाही, म्हणून भोक मी कापून ठेवते. स्टोमा नर्स म्हणाल्या, माप स्थिरावलं की तयार भोकाच्याही मिळतात. तोवर थोड्याच घेतल्यात.

निळीशाई: बाहेर जाताना तरी टू-पीस ठेवा हो.