आई-बाबांचं मुंबई–न्यू जर्सी तिकीट पॉइंट्सवर: चेस, कॅपिटल वन की ॲमेक्स?

सिंहगडरोड_ते_एडिसन

मंडळी, नमस्कार. पुढच्या मे महिन्यात आई-बाबांना इकडे आणायचंय. दोघांचाही व्हिसा आहे. बाबांचे गुडघे गेलेत आणि आईला कोणी भराभर इंग्रजीत बोललं की घाम फुटतो. त्यामुळे मध्ये पॅरिस-फ्रँकफर्ट नको, मुंबईहून थेट विमान हवं.

कार्डावरचा खर्च महिन्याला तीन हजार डॉलरच्या आगेमागे: कॉस्टको, पटेल ब्रदर्स (आपलं भारतीय किराण्याचं दुकान), गाडीचं पेट्रोल, लेकाचं डेकेअर. सध्या २ टक्के कॅशबॅकचं एकच कार्ड आहे आणि नवरा म्हणतो, तेवढं बास. ऑफिसात मात्र जो तो 'आम्ही कार्डाच्या पॉइंट्सवर फुकट जाऊन आलो' सांगत असतो. चेस सफायर प्रिफर्ड आणि कॅपिटल वन व्हेंचर, दोन्हींची वर्षाची फी ९५ डॉलर. ॲमेक्स गोल्डची ३२५. कोणतं घेऊ?

काटकसरे

नवऱ्याचं ऐका. रोख २ टक्के म्हणजे रोख २ टक्के. ते पैसे कुठल्याही विमानाला चालतात, उद्या तिकिटाला लागणारे पॉइंट्स वाढवले म्हणून त्यांची किंमत उतरत नाही. आणि डेकेअरवाले कार्डाचा वेगळा चार्ज लावत असतील तर सरळ चेक द्या. ३ टक्के भरून २ टक्के मिळवायला कोणी सांगितलंय?

जर्सीचा_जावई

काटकसरेंचं निम्मं बरोबर आहे. कोणतं निम्मं ते खाली येईलच.

ताई, आधी कार्ड बाजूला ठेवा आणि कोणती सीट हवी ते बघा. मुंबईहून इकडे थेट म्हणजे एअर इंडिया. ती एअर कॅनडासारखीच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, म्हणून तिची सीट एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या पॉइंट्स योजनेवर काढता येते. एरोप्लॅनमध्ये चेस, कॅपिटल वन आणि ॲमेक्स गोल्ड, तिन्हींचे पॉइंट्स एकास एक जातात. म्हणजे 'कोणती बँक' हा वाद इथेच बराचसा मिटला. शिवाय एरोप्लॅन विमान कंपनीचा सरचार्ज लावत नाही. विमानतळाचे कर आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी ३९ कॅनडियन डॉलर फी, एवढंच. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू या योजनेत तिकीट पॉइंट्सवर काढूनही सरचार्ज चांगला झोंबतो, आणि तुम्हाला मधला थांबा नकोच आहे. त्यामुळे तो विषय सोडा.

आता कार्ड. गोल्डचे किराण्यावर डॉलरला ४ पॉइंट्स ऐकून सगळे भुलतात. पण इथल्या कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं. पटेलमध्ये ॲमेक्स घेतलं तरी बँकेच्या लेखी ते 'सुपरमार्केट' आहे की नाही, हे स्टेटमेंट आल्यावरच समजणार. ३२५ डॉलर भरून हा जुगार कशाला? गोल्ड बाद.

प्रिफर्डला बाहेर खाण्यावर डॉलरला ३ पॉइंट्स आहेत, पण कॉस्टकोत डॉलरला १ पॉइंट. व्हेंचरला सगळीकडे २. तुमचा खर्च बघता रोजच्या वापराला व्हेंचर सरस. तरीही मी पहिलं प्रिफर्ड काढायला सांगेन. चेसचा ५/२४ म्हणून प्रकार आहे: गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून ५ कार्डं उघडली असतील तर चेस सहसा नाही म्हणतं. शिवाय कॅपिटल वन अर्ज केला की बहुतेक वेळा तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (आपल्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) चौकशी टाकतं. म्हणून चेस आधी. तुमच्या नावावर प्रिफर्ड, यजमानांच्या नावावर व्हेंचर. दोघांचे साइन-अप बोनस (नवीन कार्डावर ठरावीक खर्च केला की मिळणारे जादा पॉइंट्स) आले की एरोप्लॅनची खाती फॅमिली शेअरिंगने जोडा. त्याला पैसे पडत नाहीत. तिकीट आई-बाबांच्या नावाने तुमच्या खात्यातून निघतं, त्यांचं खातं लागत नाही.

आता काटकसरेंचा मुद्दा. समजा एकेरी इकॉनॉमी तिकीट ७०० डॉलरला आहे, आणि तेच ६०,००० पॉइंट्स अधिक ८० डॉलरला. वाचले ६२०. एका पॉइंटचा जेमतेम एक सेंट झाला. व्हेंचरवर डॉलरमागे २, म्हणजे हिशेब पुन्हा २ टक्क्यांवरच आला, वर ९५ डॉलर फी! स्वस्त सीझनच्या इकॉनॉमीसाठी नवरोबा जिंकले. ऑफिसातले 'फुकट'वाले हा हिशेब कधी सांगत नाहीत. ते फुकट झालेलं असतं साइन-अप बोनसमुळे, रोजच्या किराण्यामुळे नव्हे.

पॉइंट्सची खरी चैन बिझनेस क्लासमध्ये. समजा रोखीने २,८०० डॉलरचं एकेरी तिकीट ९०,००० पॉइंट्समध्ये मिळालं, तर एका पॉइंटचे तीन सेंट होतात. पंधरा तासांच्या वर बसायचं आहे आणि बाबांना पाय लांब करून झोपायला मिळतंय, म्हणजे पॉइंट्स तिथेच घालवावेत. मे महिन्यात अशी सीट मिळणं मुश्कील, दोन शेजारी-शेजारी तर फारच. तारखेत आठवडाभर इकडेतिकडे करायची तयारी ठेवा. एका बाजूला बिझनेस आणि परतीला इकॉनॉमी असंही चालतं, प्रत्येक बाजू वेगळी काढता येते.

आणि सीट डोळ्यांनी दिसल्याशिवाय पॉइंट्स बँकेतून हलवू नका. एकदा एरोप्लॅनला गेले की परत येत नाहीत.

सिंहगडरोड_ते_एडिसन

नवऱ्याला वाचून दाखवलं, 'नवरोबा जिंकले'पर्यंतच ऐकलं त्याने. 😄

बिझनेसचं डोक्यात आलंच नव्हतं. बाबा म्हणतील कशाला एवढा खर्च, पण त्यांना सांगायचंच कशाला. दोन शंका. परतीची तारीख नक्की नाही, पुण्यात आत्याच्या घरी कार्य निघालं तर लवकर जातील. आणि व्हीलचेअर कोणाला सांगायची, एअर कॅनडाला की एअर इंडियाला?

डोंबिवलीकर_डॅलस

व्हीलचेअर एअर इंडियाला. एरोप्लॅनवरून तिकीट निघालं की एअर कॅनडाचा बुकिंग नंबर येतो, पण एअर इंडियाचा सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा असतो. तो मागून घ्या आणि एअर इंडियाच्या साइटवर तुमच्या समोर उघडतोय ना ते बघा. मग फोन करून दोघांचीही व्हीलचेअर टाका. फक्त बाबांची टाकलीत तर विमानतळावर बाबा पुढे आणि आई हातातल्या बॅगा सांभाळत मागे धावतेय असं होतं. शाकाहारी जेवणही त्याच फोनवर सांगून टाका.

परतीचं म्हणाल तर एरोप्लॅन साध्या इकॉनॉमी तिकिटाला बदल किंवा रद्द करायचे पैसे घेतं. चेसचे पॉइंट्स युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीलाही एकास एक जातात, आणि एअर इंडियाची सीट तिथेही दिसते. पॉइंट्स बहुतेक वेळा जास्त मागतात, पण विमान सुटायच्या आधी रद्द केलं तर माइल्स (युनायटेडचे पॉइंट्स) फुकट परत खात्यात येतात. मी येतानाचं एरोप्लॅनवर काढेन, जातानाचं युनायटेडवर.