बेरियम सल्फेट एकदा तांबूस, एकदा करडं, आकडा जुळेना

रंकाळा_काठ
बी.एस्सी. तिसरं वर्ष, कोल्हापूर. बेरियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड आणि मोकळं हायड्रोक्लोरिक आम्ल असं मिश्रण आहे, त्यातलं बेरियम हे बेरियम सल्फेट म्हणून वजनी पद्धतीने, म्हणजे साका (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) पाडून, तापवून त्याचं वजन घेऊन काढायचं. द्रावण २५० मिली करून त्यातलं ५० मिली घेतो. बेरियम सल्फेट ०.४७७८ ग्रॅम यायला हवं. पहिल्यांदा ०.४८६२ आलं, रंग फिकट तांबूस. दुसऱ्यांदा ०.४६९५, रंग करडा.

कृती अशी: ५० मिलीत ५ मिली संहत हायड्रोक्लोरिक, उकळी, मग विरल सल्फ्युरिक एकदम ओतलं, दहा मिनिटं ठेवून ४१ नंबरच्या (मोठ्या छिद्रांच्या) गाळणकागदातून गाळलं. खालचं द्रावण दोन्ही वेळा किंचित दुधाळ. शिवाय क्रुसिबल (साका तापवायची छोटी मूस) परत परत तापवलं तरी वजन २-३ मिलिग्रॅमने कधी वर, कधी खाली. नेमकं कुठं चुकतंय?

मूस_चिमटा
तांबूस आणि करडा हे दोन वेगळे आजार आहेत भावा, एका औषधाने जाणार नाहीत. मी तांबूसचं सांगतो.

बेरियम सल्फेटला परके आयन पोटात घ्यायची वाईट खोड आहे, आणि त्यात फेरिक (तीन धन भारांचं लोखंड) सगळ्यात उपद्रवी. ते सल्फेट होऊन साक्यात अडकतं आणि तापवल्यावर त्याचं फेरिक ऑक्साइड होऊन मागं राहतं. रंग त्याचा, वरचे ८ मिलिग्रॅमही बहुतेक त्याचेच. नुसतं धुऊन ते निघत नाही, कारण ते स्फटिकाच्या आत असतं. म्हणून साका पाडायच्या आधीच फेरिकचं फेरस (दोन धन भारांचं लोखंड) करायचं. फेरस फार कमी अडकतं.

५० मिली द्रावणात विरल अमोनिया थेंबाथेंबाने घाल. हलवूनही जाणार नाही असा हलका गढूळपणा आला की थांब, आणि दोन-तीन थेंब विरल हायड्रोक्लोरिकने तो घालव. मोकळं आम्ल असं आधी मारलं नाही तर पुढची क्रिया रेंगाळते. आता साधारण अर्धा ग्रॅम हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड घालून पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत गरम कर. मग पाणी घालून २०० मिली कर आणि संहत हायड्रोक्लोरिक फक्त १ मिली. ५ मिली नको. जास्त आम्लात बेरियम सल्फेट जास्त विरघळतं आणि तेवढं वजन खालच्या द्रावणाबरोबर मोरीत जातं.

सल्फ्युरिकचा हिशेब: तुझ्याकडं बेरियम २.०५ मिलीमोल आहे, म्हणजे ०.५ मोलर आम्ल ४.१ मिली पुरतं. ६ मिली घे, ३० मिलीपर्यंत विरल कर, गरम कर आणि उकळीच्या जवळ असलेल्या द्रावणात ब्युरेटने थेंब थेंब सोडत हलवत राहा. एकदम ओतलंस की कण बारीक होतात. तुझ्या दुधाळ पाण्याचं अर्धं कारण तिथंच आहे. साका खाली बसला की वरच्या निवळीत आणखी एक थेंब सोडून बघ, ढग उठायला नको. मग वॉटर बाथवर किमान एक तास, जमलं तर रात्रभर झाकून ठेव. बारीक कण विरघळून मोठ्यांवर चढतात, गाळणं सोपं होतं.

शिरोली_लॅब
दुधाळ पाण्याचं उरलेलं अर्धं कारण म्हणजे ४१ नंबर. तो फेरिक हायड्रॉक्साइडसारख्या बुळबुळीत साक्यासाठी आहे. बेरियम सल्फेटला बारीक छिद्रांचा ४२ नंबरच घ्या. वेळ लागतो, लागू द्या. आधी फक्त निवळी गाळायची, साका शेवटी कागदावर न्यायचा. बीकरच्या कडेला चिकटलेलं रबर लावलेल्या कांडीने सोडवायचं. गरम पाण्याने ५-५ मिली करून धुवा. एकदाच भरपूर पाणी ओतण्यापेक्षा हे बरं. शेवटच्या थेंबांत नायट्रिक आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून ढग येत नाही तोवर धुवायचं. हीच चाचणी आधी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर करून बघा. पाण्यातच क्लोराइड असेल तर जन्मभर धुवत बसाल.

आता करडा रंग. कागद भसकन पेटला किंवा क्रुसिबल सुरुवातीपासून लाल केलं की कोळसा बेरियम सल्फेटचं सल्फाइड करतो आणि वजन घटतं. क्रुसिबल तिरपं, झाकण अर्धं उघडं, बर्नर बारीक. कागद धुमसत काळा व्हावा, ज्योत धरू नये. ज्योत आलीच तर झाकण लावा, फुंकू नका. काळेपणा हवेत जळून पांढरं झालं की मगच पूर्ण आच, १५-२० मिनिटं. करडं राहिलंच तर गार झाल्यावर दोन थेंब विरल सल्फ्युरिक टाका, पांढरा धूर संपेपर्यंत अगदी हळू तापवा, मग पुन्हा लाल करा. हे फ्यूम हूडमध्येच (धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात), सल्फाइड असेल तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

वजन हलण्याचा संशय मला डेसिकेटरवर (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेलं, क्रुसिबल गार करायचं बंद भांडं) आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कॉलेजच्या डेसिकेटरमधलं कॅल्शियम क्लोराइड कधी ढेकूळ होतं कळतही नाही. निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना निळी करून घ्या. रिकामं आणि भरलेलं क्रुसिबल दोन्ही वेळा सारखंच गार करा, ३० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं. कोमट क्रुसिबल तराजूत हलकं भरतं. हाताने धरायचं नाही, चिमट्यानेच. फाउंड्रीत फेरोसिलिकॉनचं सिलिका काढतानाही हेच नियम असतात. लागोपाठच्या दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमपेक्षा फरक नसेल तरच वजन स्थिर म्हणायचं.

गाळणकागद
आधी अमोनियाने लोखंड काढून टाकलं तर? मग बेरियमच्या साक्यात फेरिक यायचा प्रश्नच नाही.

मूस_चिमटा
कागदावर छान दिसतं. पण उघड्या बाटलीतला अमोनिया हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून बसलेला असतो, त्यामुळं थोडं बेरियम कार्बोनेट होऊन लोखंडाबरोबर खाली बसतं. शिवाय फेरिक हायड्रॉक्साइड स्वतःच बेरियम धरून ठेवतं, म्हणजे ते आम्लात विरघळवून पुन्हा पाडावं लागतं. ताजा अमोनिया, भरपूर अमोनियम क्लोराइड आणि दोनदा साका पाडायची तयारी असेल तर चालतं. तीन-चार तासांच्या प्रॅक्टिकलला मी सुचवणार नाही.

रंकाळा_काठ
धन्यवाद सर. गाळून आलेल्या द्रावणातच पुढं लोखंड फेरिक ऑक्साइड म्हणून काढायचंय. हायड्रॉक्सिलअमीनचा त्रास होईल का?

मूस_चिमटा
होईल, तसंच वापरलंस तर. लोखंड आता फेरस आहे आणि अमोनियाने फेरस पूर्ण पडत नाही; हिरवट साका येतो. द्रावण आणि धुतलेलं पाणी एकत्र आटवून साधारण १०० मिलीवर आण, २ मिली संहत नायट्रिक घालून पिवळं होईपर्यंत उकळ. हायड्रॉक्सिलअमीनही त्यातच जळतं. फेस येतो, मोठं बीकर घे. मग एक थेंब काढून पोटॅशियम फेरिसायनाइडने तपास, निळं आलं तर अजून फेरस आहे. अमोनिया किंचित वास येईपर्यंतच, आणि आता मात्र ४१ नंबर. साक्याच्या वजनावरून धातूचं वजन काढायचा गुणक बेरियमसाठी ०.५८८४, लोखंडासाठी ०.६९९४. ५० मिलीचं उत्तर २५० मिलीला पाचने गुणायचं विसरू नको.