रक्तवाढीच्या गोळ्या डब्यामागेच राहतात, काय करावं?

सत्तरीची सेविका
नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या एका वाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बायका तपासणीला जातात, गोळ्या आणतात, पण घेत नाहीत. एकीला सातवा महिना, हिमोग्लोबिन 8. काल घरी गेले तर फळीवर तांदळाच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटं तशीच. सासू म्हणते, "गोळ्यांनी पोर मोठं होतं, मग बाळंतपण अडतं." सून मान खाली घालून गप्प. कसं समजवावं?

निवृत्त नर्स, काणकोण
बाय, आधी सासूशीच बोल. घरात शब्द तिचा चालतो. तिला विचार, तुमच्या वेळी बाळंतपणात कुणाला फार रक्त गेलेलं का? बहुतेक घरांत अशी एक तरी आठवण निघते. तिला पुरतं बोलू दे. मग सांग, की बाळंतपणात रक्त जातंच. अंगात मुळातच कमी असलं तर थोडं गेलेलंही बाईला झेपत नाही. गोळी त्यासाठी.

सुनेला मात्र एकटीला गाठ. गोळी घेतल्यावर मळमळतं का, शी काळी होते का, विचार. काळ्या शीला बायका भयंकर घाबरतात आणि लाजेने सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. ती लोहामुळेच होते, हे पहिलं पाकीट देतानाच सांगावं. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्यायची. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर चांगलं लागतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

आता महत्त्वाचं. 11 च्या खाली रक्त कमी धरतात, 7 च्या खाली गेलं की गंभीर. सातव्या महिन्यात 8 म्हणजे हातात दिवस थोडे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण तोवर थांबू नकोस. उद्याच ने. शिरेतून लोह द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील.

पेडण्याची सून
माझ्या वेळी आमच्या सेविकाताई नवऱ्याशीही बोलल्या होत्या. मग रोज रात्री नवराच पाण्याचा तांब्या आणि गोळी माझ्या पुढ्यात ठेवायचा. तांबडी भाजी, नाचणीचं तिझण घरात होतंच, पण तेवढ्याने रक्त भरत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलेलं.

सत्तरीची सेविका
ताई, सासूबाई स्वतः यायला तयार झाल्या. उद्या सकाळी दोघींना घेऊन आरोग्य केंद्रात जाते.

निवृत्त नर्स, काणकोण
फार बरं केलंस. कार्ड आणि उरलेली पाकिटं बरोबर ने. किती गोळ्या पोटात गेल्या ते डॉक्टरांना खरं कळू दे. आणि तिथे सुनेला कुणी ओरडणार नाही, एवढं तू बघ.